पाच म्हशींतल्या दोन

अर्धा आणि एक तृतीयांश मिळवले की पाच छेद सहा होतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण ते तसे का होतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? आठवून बघा. छेद सारखे करायला सांगितले असतील, फळ्यावर फुली मारून तिरका गुणाकार दाखवला असेल, चुकल्यावर छडीही दाखवली असेल. मी त्याबद्दल विचारत नाही. का होतात, हे विचारतेय.

हाच प्रश्न मी दरवर्षी पहिल्या तासाला विचारते. बारामतीतल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात मी गणित कसं शिकवावं हे शिकवते. समोर बसलेली मुलंमुली बी.एस्सी. झालेली असतात, काही एम.एस्सी.सुद्धा. वर्षा-दोन वर्षांत ती तुमच्या मुलांसमोर खडू घेऊन उभी राहणार असतात. एकदा मागच्या बाकावरचा एक जण हात जोडून म्हणाला, "मॅडम, कसं ते विचारा, रात्री झोपेतून उठवून विचारा. का ते नका विचारू. का विचारलं तर हितं फक्त तुमीच उराल." सगळे हसले. मीही हसले, कारण ते खरं होतं.

माझं बालपण भवानीनगरला, कारखान्याच्या वसाहतीत गेलं. वडील फिटर. घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. विज्ञानाच्या प्रसाराची, हुंड्याविरुद्धची, पाण्याच्या हक्काची, कुठल्या कुठल्या सभांची. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांवरची. मुळाक्षरं गिरवायच्या आधी मी 'जाहीर आवाहन' ही दोन बोटं उंच अक्षरांची ओळ ओळखायला लागले होते. आमच्याकडे जेवताना ताटाखाली पत्रक असायचं आणि आई ताट उचलायच्या आत मी ते उलटं वाचून संपवलेलं असायचं. वडिलांचा एक साधा विश्वास होता. खरं असेल ते स्वच्छ भाषेत लिहावं, छापावं, वाटावं. माणसं वाचतात आणि मग गोष्टी बदलतात. तो विश्वास मी तसाच उचलला. गणिताकडेही मी त्याच वाटेनं आले. या एका विषयात कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. सहावीतली पोरगी मुख्याध्यापकांना चूक ठरवू शकते आणि मुख्याध्यापकांना ते मान्य करावं लागतं. याहून मोठी लोकशाही मला दुसरीकडे कुठं दिसली नव्हती.

मग मी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात आले आणि मला वार्षिक पाठ बघायला मिळाले.

वार्षिक पाठ म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्याची शेवटची परीक्षा. खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गावर एक तास शिकवायचं. मागच्या बाकावर दोन परीक्षक बसतात. एक कॉलेजचा, एक बाहेरून आलेला. त्या तासाचा शेरा पदवीच्या कागदाबरोबर जन्मभर फिरतो. कल्पना चांगलीच आहे. पण आमच्याकडे त्याचं काय होतं, ते ऐका. आदल्या दिवशी त्याच वर्गावर तोच पाठ घेतला जातो. त्याला रंगीत तालीम म्हणतात आणि हा शब्द कुणी लाजून वापरत नाही. कुणी कुठल्या प्रश्नाला हात वर करायचा, कुणी कुठलं उत्तर द्यायचं, हे ठरतं. शाळा आपली 'अ' तुकडी देते. बाकीच्या तुकड्या त्या दिवशी मैदान झाडतात, झाडांना पाणी घालतात. 'अ' तुकडी एकच आणि पाठ घेणारे अनेक, त्यामुळे तीच मुलं एका सकाळी तीनदा अपूर्णांक पहिल्यांदा शिकतात. तीनदा त्यांना पुठ्ठ्याची भाकरी दाखवली जाते, तीनदा ती आश्चर्यानं बघतात. पाठाच्या सुरुवातीला शिक्षक विचारतो, "तर मग आज आपण काय शिकणार आहोत, ओळखा बरं?" आणि वर्ग एका सुरात सांगतो, "अपूर्णांकांची बेरीज!"

एकदा एक घाबरलेली मुलगी मध्येच अडकली. पुढचं काही आठवेना. तेव्हा पहिल्या बाकावरच्या पोरीनं हळूच सांगितलं, "मॅडम, आता भाकरी काढायची." ती बिचारी इतकी गडबडली की "थँक्यू" म्हणाली. तिला उत्तम शेरा मिळाला.

मी याविरुद्ध बोलले. कॉलेजच्या बैठकीत बोलले, दरवर्षी बोलले. सहकारी चांगली माणसं आहेत. ती ऐकून घेतात. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "अहो मॅडम, लग्नात नवरीला साडी नेसवून आणतात ना? मग पाठालाही जरा नेसवलं तर काय बिघडलं?" पुढचा विषय पुकारला गेला.

आता ती येते, जिच्यासाठी मी हे लिहितेय.

ती इंदापूरची. तिच्या अब्बांचं स्टँडमागं जळालेल्या पाणमोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. रोज सकाळच्या एसटीनं बारामतीला यायची, आणि हंगामात उसाच्या गाड्यांमागं एसटी रखडली की धापा टाकत दुसऱ्या तासाला दारात उभी राहायची. "मॅडम, आज पण ऊसच पुढं होता." पहिल्या तासाच्या माझ्या त्या प्रश्नावर ती काही बोलली नव्हती. आठवड्यानं आली आणि म्हणाली, "मॅडम, का ते मला अजून कळलं न्हाय. पण मला येत न्हाय हे कळल्यापासनं झोप लागंना." शिक्षक होऊ पाहणाऱ्याकडून इतकं प्रामाणिक वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

सराव पाठांत तिचं वेगळेपण दिसायला लागलं. मूल चुकलं की ती थांबायची. दुसरे लगेच "बरोबर उत्तर कोण सांगेल?" म्हणत पुढच्या हाताकडे वळतात, ही विचारायची, "कसं काढलंस?" आणि मग खरंच ऐकायची, मान तिरकी करून, जणू शेजारीण काही गुपित सांगतेय. मुलं आधी घाबरायची, मग बोलायला लागायची. ही गोष्ट मी शिकवली असं म्हणायला मला आवडेल. पण ती घेऊनच आली होती. मी फक्त तिला पुस्तकातलं नाव दिलं.

इंदापुरातल्या एका शाळेत गणिताची जागा जूनपासून रिकामी होणार होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला सांगून ठेवलं होतं, वार्षिक पाठाला पहिली श्रेणी आण, जागा तुझी. घरून रोज जाता येईल अशी ती एकच जागा होती. आई अंथरुणाला खिळलेली, सकाळ-संध्याकाळ तिचं करायला घरात दुसरं कुणी नाही. परगावची नोकरी तिला घेताच आली नसती. तिला शिक्षिका व्हायचं असेल तर ती त्याच शाळेत होणार होती, नाहीतर नाही. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तरी पाठाच्या आठवडाभर आधी तिनं विचारलं, "मॅडम, तालीम न करता घेऊ का?"

मी म्हणाले, "नियमात तालीम कुठंच नाही. न करण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. पण शेरा काय मिळेल ते मी सांगू शकत नाही."

"तुमी काय केलं असतं?"

"न करता घेतला असता."

"मग झालं." ती हसली. "आणि मॅडम, मला 'अ' तुकडी नको. त्यांना उत्तर पाठ झालंय. त्यांना मी काय शिकवू?"

जिथं पाठ घ्यायचा होता, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे तिनं सहावी 'क' मागितली. ते खुर्चीतून अर्धे उठले. "क? परीक्षकांपुढं? बाई, आमी तुमचं काय वाकडं केलंय?" शेवटी त्यांनी दिली. मैदान झाडायला त्या दिवशी सातवीची मुलं लावली.

तिचा पाठ जेवणाआधीचा शेवटचा होता. कॉलेजकडून परीक्षक मी होते. बाहेरून आलेले परीक्षक निवृत्तीला आलेले, शांत, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांच्या जेवणाची सोय भिगवणला, धरणाच्या मासळीची, तीही प्रथेप्रमाणे. गाडी बाहेर उभी होती. सकाळपासून त्यांनी तीन पुठ्ठ्याच्या भाकऱ्या बघितल्या होत्या.

तिनं फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश लिहिलं आणि म्हणाली, "उत्तर काढा. मग शेजारच्याला पटवून द्या." वर्गात कुजबूज झाली. खरी कुजबूज; 'अ' तुकडीत मी ती कधी ऐकली नव्हती. मग तिनं विचारलं, "कोण सांगतंय?"

तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. "दोन छेद पाच."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. वार्षिक पाठात चुकीचं उत्तर ऐकल्याला त्यांना बरीच वर्षं झाली असावीत.

"कसं काढलंस?"

"वरचे वर मिळवले, खालचे खाली."

"बरं. आणि ते बरोबर आहे हे कशावरून?"

पोरीनं छताकडे बघत बोटांवर मोजलं. "आमच्या दोन म्हशी हायत. एक दूध देती, एक आटलीय. म्हंजी आर्ध्या देत्यात. चुलत्याच्या तीन हायत, त्यातली एकच देती. म्हंजी तिसरा हिस्सा. दोन्ही गोठं मिळून म्हशी पाच, आन् दूध देत्यात दोन."

वर्ग फुटला. "ए, म्हशीचं गणित!" "शेण किती पडतं ते पण सांग!" परीक्षकही हसले. माझी विद्यार्थिनी मात्र हसली नाही. तिनं फळ्यावर पाच गोल काढले, दोन रंगवले आणि वर्गाकडे वळली. "ही बरोबर बोलतेय का? चूक वाटत असेल तर कुठं चुकली ते दाखवा. नुसतं हसायचं न्हाय."

दूध तर दोनच म्हशी देत होत्या. चूक दाखवायची कुठं? मग खिडकीकडचा एक जण उठला. "म्हशीत बराबर हाय, मॅडम. पण भाकरीत न्हाय."

"का?"

"मी आर्धी भाकर खाल्ली. मग वरनं तिसरा हिस्सा आजून खाल्ला. दोन छेद पाच म्हंजी तर आर्धीपेक्षा बी कमी. जास्त खाऊन कमी कशी हुईल?"

"उलटी झाली आसंल," मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा.

पण म्हशीवाली पोरगी खाली बसली नव्हती. ती फळ्यावरच्या पाच गोलांकडे बघत उभी होती, ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "म्हशी येगयेगळ्या गोठ्यातल्या हायत. भाकर एकच हाय."

तुम्ही गणिताचे नसाल तर तुम्हाला हे वाक्य साधं वाटेल. अपूर्णांक शिकवण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यात आहे. अर्धा म्हणजे कशाचा अर्धा, तिसरा हिस्सा कशाचा, दोन्हीचं पूर्ण एकच आहे की वेगळं, हे मुलाच्या मनात उगवावं म्हणून आम्ही व्याख्यानं देतो, प्रबंध लिहितो. माझ्या एम.एड.च्या विद्यार्थ्यांना ते इतकं नेमकं सांगता येत नाही. मी मागच्या बाकावर बसले होते आणि माझे डोळे भरून आले होते.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मग आता एकाच भाकरीचं करू या. अर्धी आणि तिसरा हिस्सा. मोजायचं कशानं?"

"तुकडे सारखे पायजेत," दोघं-तिघं एकदम म्हणाले. कुणी वहीचं पान फाडून घडी घालायला लागलं. तेवढ्यात घंटा झाली. परीक्षक उठले, टोपी सारखी केली आणि दाराकडे गेले. फळ्यावर पाच गोल होते, दोन रंगवलेले. पाच छेद सहा कुठंच लिहिलेलं नव्हतं.

गाडीपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. ते म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो. पण पाठ पूर्ण झाला नाही. मूल्यमापन नाही, गृहपाठ नाही. आणि फळ्यावर शेवटी राहिलं काय, तर म्हशी."

"सर, मुलं विचार करत होती. सकाळपासून कुणी केला होता का?"

"ते मला कळत नाही असं नाही, मॅडम. पण मी लिहू कुठं? फलकलेखन, वेळेचं नियोजन, उद्दिष्ट साध्य. तुम्हीच सांगा, यातल्या कशात हे बसवू?" त्यांनी ते खरोखर विचारलं होतं. मग ते म्हणाले, "तुम्ही येताय ना भिगवणला?"

मी गेले नाही. माझा शेरा पहिल्या श्रेणीचा होता, त्यांचा शेवटून दुसऱ्या. इतका फरक पडला की प्राचार्य ठरवतात. मी प्राचार्यांसमोर बसून पाठाचा क्षण अन् क्षण सांगितला. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मॅडम, बाहेरच्या माणसाचा शेरा खोडला तर पुढच्या वर्षी आपल्याकडे परीक्षक कोण येईल?" आणि मग अगदी मायेनं, "तुमची नेमणूक दर जूनला नव्यानं निघते. ती निघावी असं मला वाटतं. तुम्ही चांगलं शिकवता." मी विद्यापीठाकडे अर्ज केला. पोच मिळाली. त्यापुढं काही मिळालं नाही.

इंदापूरच्या मुख्याध्यापकांनाही मी भेटले. ते शेवटपर्यंत नम्र होते. "मुलगी चांगली हाय, व्हय, मी न्हाय कुठं म्हणतोय? पण संस्थेपुढं कागद ठेवावा लागतो, मॅडम. पहिली श्रेणीवाले चार अर्ज आलेत. म्हशींचं मी संस्थेला कसं सांगू?" जागा ज्याला मिळाली त्याचा पाठ मी त्याच सकाळी पाहिला होता. भाकरी छान कापली होती त्यानं.

तिथून मी दुकानात गेले. अब्बा तांब्याची तार गुंडाळत होते. त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं: ती बरोबर होती, तिच्यासारखी शिक्षिका मी पाहिली नाही. ते ऐकत होते, हात चालू होते.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "तुमी दोघींनी खरं धरून ठेवलं, त्येचं मला वाईट वाटत न्हाय. पोरगी खोटं वागली आसती तर मीच रागावलो आसतो. पण एक इचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"तुमी बी खरं बोलला, ती बी खरं बोलली. तुमची नोकरी राहिली. हिचीच कशी गेली?"

आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "अब्बा, बास की!" चहा आला, आम्ही तो प्यालो. तालीम न करता पाठ घे, असं मी आजही तिला सांगेन, पुन्हा शंभरदा सांगेन. पण त्या स्टुलावर बसून मला हे वाक्य मोठ्यानं उच्चारता आलं नाही.

मग मी मला येत होतं ते केलं. पत्रक लिहिलं. रात्री लपून नाही, भर दुपारी, कॉलेजच्या वाचनालयात, वडिलांच्या चालीवर: बंधू-भगिनींनो, तुमच्या मुलांच्या शाळेत परीक्षकांसमोर नाटक चालतं. पिवळ्या कागदावर छापून घेतलं आणि बारामतीच्या एसटी स्टँडवर वाटायला उभी राहिले. लोकांनी घेतलं. आमच्याकडे माणसं दिलेला कागद नाकारत नाहीत. एक बाई दोन-चार पावलं जाऊन परत आल्या. मला वाटलं, वाचलं यांनी.

"गणिताचं हाय का हे? बरं झालं. आमचा सातवीला हाय, लई कच्चा. क्लास कुठं हाय तुमचा? आणि बॅच सकाळची आसती का?"

मी म्हणाले, क्लास नाही. त्यांना पटलं नाही. "आवो, मग वाटताय कशाला?" दुसऱ्या एकानं पत्रक उलटं करून मागं पत्ता शोधला. गणित हा शब्द छापलेला कागद आमच्या गावांत एकाच कारणासाठी वाटला जातो, हे मला उभं राहिल्यावर समजलं. उरलेला गठ्ठा मी घरी आणला. वडिलांनी एक घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं. "चांगलं लिहिलंय," म्हणाले, आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्यांनीही काही वर्षांपासून वाटणं सोडलंय.

या वर्षी वार्षिक पाठ त्याच शाळेत होते. म्हशीवाली पोरगी सातवीत गेली होती आणि तिला 'अ' तुकडीत घेतलं होतं. मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. विचारलं, अर्धा अधिक एक तृतीयांश?

"पाच छेद सहा," ती ताडकन म्हणाली.

"का बरं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग शिक्षकांच्या खोलीकडे. "तसंच आसतं, मॅडम." आणि पळाली.

माझी ती विद्यार्थिनी आता इंदापुरात एका खासगी क्लासच्या ऑफिसात बसते. प्रवेश घेते, वेळापत्रक सांगते. आतल्या खोलीत शिकवतात त्याचा आवाज तिला भिंतीतून ऐकू येतो. मागच्या महिन्यात मी गेले होते. म्हणाली, "मॅडम, आत एक पोरगा चुकला की मला हितनं कळतं. सर पुढं जातात. मी हितं बसून मनातल्या मनात इचारते, कसं काढलंस." फोन वाजला, तिनं उचलला, क्लासचं नाव सांगितलं.

मी तिला शाळेत पोचवू शकले नाही. अर्ज करून झाले, भांडून झालं, पत्रक वाटून झालं. माझ्या हातात आता एवढंच लिहिणं उरलंय, म्हणून तुमच्याकडे मागते. तुमच्यापैकी कुणी शाळेच्या संस्थेवर असेल, कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर, कुणी नुसता पालक असेल. जून जवळ आलाय आणि जागा भरल्या जातील. ज्या दिवशी गणिताला नवा माणूस घ्यायचा असेल, त्या दिवशी शाळेत जा. श्रेणीचा कागद क्षणभर बाजूला ठेवायला सांगा. उमेदवाराच्या हातात खडू द्या आणि जी तुकडी एरवी मैदान झाडते, तिच्यासमोर त्याला उभं करा. तुम्ही मागच्या बाकावर बसा. मग एखादं मूल चुकेल. त्यानंतर तो शिक्षक काय करतो, तेवढंच बघा, आणि त्यावरच ठरवा. घंटा झाली आणि मूल अजून बोलत असलं, तर कृपा करून उठू नका.